अठ्ठेचाळीसातले चोवीस

१२ जानेवारी, वेरावळ

बर्फाच्या फॅक्टरीवाल्याने बोटींना डायऱ्या वाटल्या. आमचा तांडेल, म्हणजे बोटीचा कप्तान, चिमणभाई, त्याला दोन मिळाल्या. एक त्याने माझ्याकडे फेकली. "ले लाहू, तू तो भणेलो छे." उमेश आशागडचा, माझ्यासारखाच खलाशी, तो लगेच बोलला, "हो ना, पाचवीपर्यंत. बोटीवरचा कलेक्टर." सगळे हसले. मीपण हसलो.

लिहिणार नव्हतो. पण दिवाळीनंतर निघताना बाबा बोललेला, रोज दोन ओळी लिहीत जा, हात मोडतो नायतर. स्वतः अंगठा लावतो आणि मला सांगतो.

पाचवी नापास नाही झालो मी. धरण भरलं त्या वर्षी सुटली. आमचा टेंभपाडा टेकाडावर, म्हणून तेवढा वर राहिला, चारी बाजूंनी पाणी. शाळा पलीकडे मोठ्या गावात. मधे ड्रमांचा तराफा, दोन्ही काठांना दोरी बांधलेली, दोरी ओढत ओढत जायचं. ओली चड्डी घालून वर्गात बसायचा मला कंटाळा आला. मग मी गेलोच नाही. बाबाने एकदा मारलं, दुसऱ्यांदा नाही मारलं.

दोन ओळी म्हणालेला. जास्त झाल्या.

१९ जानेवारी

चंद्रिकाचा फोन. बहीण माझी, बारावी झालेली, पाड्यातल्या अंगणवाडीत मदतनीस आहे. बोलायला लागली की थांबत नाही. बाबाने म्हणे पाडा गोळा केलाय. आदिवासी भागासाठीच्या पेसा कायद्यात पाड्याला स्वतःची वेगळी ग्रामसभा करता येते. मोठ्या गावाच्या ग्रामसभेत आपण असून नसल्यासारखे. सभा पलीकडे भरते, आपण दोरी ओढत पोचेपर्यंत वहीवर सह्या झालेल्या असतात. टेंभपाड्याला होडी द्यायचा ठराव तिथे तीनदा झाला. तिन्ही वर्षी यादीत खाली सरकला. आपली ग्रामसभा झाली तर आपला निधी आपल्या हातात, पहिला ठराव होडीचा.

मी म्हटलं, बरं. ती म्हणाली, "बरं काय? सुक्याला विसरलास?"

विसरलो नाही. सोमीकाकीचा सुक्या माझ्याच वयाचा. गेल्या श्रावणात अंगात ताप घेऊन दोन दिवस काठावर पडून होता. वाऱ्याने दोरी तुटलेली, तराफा जाईना. तिसऱ्या दिवशी दोरी बांधली, तोवर त्याला तराफ्यावर घालायची गरजच राहिली नव्हती. मी तेव्हा नुकताच इकडे आलेलो. फोनवर कळलं आणि मी बर्फ फोडायला गेलो.

बाबाला फोन दे म्हटलं, तर म्हणाली झोपलाय. दुपारी चार वाजता! बाबा आणि दुपारचा झोपतो. म्हातारा झाला.

३ फेब्रुवारी

तेरा दिवस पाण्यात होतो. रेंज आली तसे चंद्रिकाचे पंधरा मेसेज एकदम आले.

पाड्याची सभा झाली आणि कागद परतही आला. वाचून हसू आलं. आमच्याकडे काही ठरवायचं तर मोहाच्या झाडाखाली देवाच्या दगडापुढे खडे मांडतात. प्रत्येक मोठ्या माणसाचा एक खडा. जो गावाला नाही, बोटीवर गेला, वीटभट्टीवर गेला, त्याचा खडा त्याच्या घरचं माणूस मांडतं. खडे पुरे झाले की बोलायला सुरुवात. एकाचं मन नसेल तर त्याचा खडा बाजूला, आणि तो परत आत येईपर्यंत सगळे बसून राहतात. मी लहान असताना एका विहिरीसाठी चार दिवस बसलेले.

तर यांनी तसंच केलं. मतदार अठ्ठेचाळीस, खडे अठ्ठेचाळीस, सगळे राजी. खाली चौदा घरांचे चौदा अंगठे. घर बोललं म्हणजे झालं. कागद डहाणूला गेला आणि परत आला. वर लिहिलेलं, पाड्यातल्या मतदारांपैकी अर्ध्याहून जास्त हजर पाहिजेत, सह्या माणसागणिक पाहिजेत.

ग्रामसेवक भाऊसाहेब समजवायला तराफ्यावरून आले. पाण्याला भितात, ड्रम धरून बसलेले, म्हणाले, "झिपरूबाबा, खड्याला मत नसतं हो. जो गैरहजर तो गैरहजर."

बाबा त्यांना म्हणाला, "कोण गैरहजर? कामाला गेलाय तो. पाड्यातनं नाय गेला."

भाऊसाहेब म्हणाले हे मी कागदावर कुठल्या रकान्यात लिहू.

५ फेब्रुवारी

आज बाबा बोलला. आवाज खोल गेल्यासारखा. मी म्हटलं पाण्यात बोलतोयस का. म्हणाला, खोकला आहे, थंडीचा.

"२२ मार्चला सभा धरलीय. माणसं मोजणारेत. येशील?"

"जूनमध्ये घ्या ना बाबा. जूनला बोटी बंद, भट्ट्या बंद, सगळे घरी. अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस मिळतील."

तो खोकत राहिला. मग, "जून लांब हाय."

"चार महिने तर आहेत."

"लांब हाय, लाहू."

काय घाई आहे कळत नाही. धरणाला बारा वर्षं झाली, बारा वर्षं दोरी ओढली, आता चार महिने जड झाले. म्हाताऱ्यांच्या डोक्यात एकदा शिरलं की शिरलं. येतो म्हणालो.

फोन आईने घेतला, आमची आयस. विचारलं जेवतेस का नीट, तर म्हणाली, "मी जेवते." मी जेवते म्हणजे काय, जेवणारच.

२६ फेब्रुवारी

काही नाही. मासळी नाही. उमेश घरची गाणी म्हणतो आणि डोकं खातो.

खरं लिहितो. मला पाड्याला जायला आवडत नाही. तिथे गेलं की तिसऱ्या दिवशी पाय खाजायला लागतात. कुठेही चालत निघा, दहा मिनिटांत पाणी. इथेही पाणीच आहे, पण हे कुठेतरी जातं.

१७ मार्च

आज धक्क्याला लागलो. आमचा दुसरा सुकाणूवाला पोरबंदरच्या बोटीवर पळाला. चिमणभाईने सगळ्यांसमोर मला विचारलं, "लाहू, सुकाणू पकडशे?" पुढच्या फेरीत दिवसाचं सुकाणू माझं. नीट केलं तर पुढच्या सीझनला कायमचं. मग चारपाच वर्षांत तांडेल. आमच्या पाड्यातला कोणी तांडेल झालेला नाही. खलाशी म्हणूनच मरतात.

बोट २० ला सुटणार. सभा २२ ला.

१८ मार्च

दिवसभर बंदरावर फिरलो. तिकिटाच्या रांगेत पण उभा राहिलो. पुढे तीन माणसं होती तेव्हा निघून आलो.

अठ्ठेचाळीस माणसांत माझा एक हात. नाहीतरी पंचवीस लागतात. पंचवीस होतील. सोमीकाकी एकटीच पाचजणांना ओढून आणेल.

उमेशला विचारलं तू काय केलं असतंस. म्हणाला, "मला विचारू नको. माझ्या बापाने मला कधी कशाला बोलावलंच नाही."

चंद्रिकाला मेसेज टाकला, शेठ सोडत नाही. खोटं लिहिलं. शेठला मी विचारलंच नव्हतं. तिची एकच ओळ आली. "बाबाला तू सांग." मी सांगितलं नाही. रेंज नव्हती असं म्हणता येतं.

२५ मार्च, पाण्यात

सुकाणू हातात आहे. पहिल्या दिवशी बोट सापासारखी गेली, चिमणभाईने आईवरून शिव्या दिल्या. आता सरळ जाते. पाण्यावर मागे आपली रेघ दिसते, ती सरळ असली की छातीत काहीतरी होतं. हे लिहिताना लाज वाटते आणि आनंदही वाटतो.

४ एप्रिल

चोवीस झाले.

अठ्ठेचाळीसात चोवीस. भाऊसाहेबांनी तीन वेळा मोजले. बरोबर अर्धे. अर्ध्याहून जास्त पाहिजे. एक कमी.

हाल्याचा फोन होता. बाबाचा जोडीदार, तराफा तोच बघतो. तो रागावला नाही, हसत हसत सांगत होता, त्याने जास्त लागलं. "तुझ्या बाबाला चादरीच्या झोळीत घालून आणला रं सभेला, राजासारखा! चौघांनी उचलला." बाबाने एवढा भाव खाल्ला म्हणजे नवल. कधी कोणाला पिशवी उचलू न देणारा माणूस. मी हाल्याला तसं बोललो तर त्याचं हसणं थांबलं. म्हणाला, "हां. भाव खाल्ला."

बाबा म्हणे पाण्याकडे तोंड करून बसलेला. मोजणी झाल्यावर भाऊसाहेबांना म्हणाला, अजून थोडं थांबा, तराफा एक खेप मारून येईल. हाल्या रिकामा तराफा घेऊन पलीकडे गेला आणि रिकामा परत आला. त्याला माहीत होतं पलीकडे कोणी नाही. तरी गेला.

५ एप्रिल

बाबाला फोन लावला. शिव्या देईल म्हणून मी आधीच बोलायला लागलो, शेठ असा, बोट तशी. त्याने ऐकलं. मग विचारलं, "सुकाणू जड असतं काय रं?"

कोणी सांगितलं याला? चंद्रिका उमेशशी बोलत असेल.

म्हटलं, "जड नाही. सतत धरून राहावं लागतं."

"खुणा नसतात ना तिकडं. सरळ कसा ठेवतोस?"

मी होकायंत्राचं सांगितलं, मागच्या रेघेचं सांगितलं. तो मधेमधे हां हां करत होता, पोरासारखं. श्वास मोठा येत होता. एवढा वेळ बाबा माझ्याशी कधीच बोललेला नाही. सभेचं नावसुद्धा काढलं नाही. शेवटी म्हणाला, "लिहितोस का?"

"लिहितो."

"बरं केलंस. कागद तुलाच करायला लागतील." मग आयसला फोन दिला. आयसने जेवलास का विचारलं आणि ठेवला.

मला बरं वाटलं. रागावला नाही म्हणजे सुटलो. जूनला जाऊन सगळं करून देईन. आठ तारखेला बोट सुटते.

२१ एप्रिल, वेरावळ

बाबा अकरा तारखेला गेला.

उमेशला पहिल्यांदा रेंज आली. त्याने फोन बघितला आणि माझ्या हातातलं सुकाणू आधी चिमणभाईकडे दिलं, मग सांगितलं.

दहा दिवस झाले. दहा दिवस मी बोट सरळ चालवत होतो.

२३ एप्रिल, टेंभपाडा

वापीला उतरलो, तलासरीहून जीप. काठावर हाल्या होता. कोणी सांगितलं मी आज येणार म्हणून, तर म्हणाला, रोजच येऊन बसत होतो. तराफ्यावर दोरी मी ओढली. त्याने ओढू दिली.

चंद्रिकाने माझ्याकडे न बघता सगळं सांगितलं. डिसेंबरमध्येच डॉक्टर बोललेले. छातीत गाठ. पावसाळा नाही काढणार. बाबाने सगळ्यांना देवाच्या दगडावर हात ठेवायला लावले, लाहूला सांगायचं नाही. त्याचे पाय आत्ताच कुठे टेकलेत, म्हणाला.

"आणि तू मला सांगितलं नाहीस."

"मी तुला ये म्हणाले होते. बाबा ये म्हणाला होता. आणखी काय सांगायचं असतं?"

मी डायरी उघडून मागची पानं वाचली. चार महिने तर आहेत, असं मीच लिहिलंय. खाडाखोड करणार होतो. नाही केली.

सोमीकाकी आली, माझ्या डोक्यावर हात फिरवला, बराच वेळ. "वाळलास," म्हणाली. सुक्याचं नाव घेतलं नाही.

२५ एप्रिल

भाऊसाहेब आले. दुःखाचं बोलले, चहा घेतला, कपाळाचा घाम पुसत कागद काढला. डहाणूच्या साहेबांची मेच्या पहिल्या आठवड्यात बदली आहे. नवे साहेब फाईल पहिल्यापासून बघतील. ३० तारखेला सभा घेतली तर ते स्वतः कागद घेऊन डहाणूला जातील.

"पण लाहू, तू आलास तरी झिपरूबाबा गेले. तेवीस आणि तू, चोवीसच. यादी अठ्ठेचाळीसची. परत अर्धेच होणार."

भट्टीवरच्यांना फोन लावून झाले. वीस मेच्या आत कोणी सुटत नाही.

भाऊसाहेब खाली बघत म्हणाले, "यादीत बाबांचं नाव अजून आहे. ते कमी करायचा अर्ज घरच्या माणसाने दिला, मरणाचा दाखला जोडला, तर मला सत्तेचाळीस धरता येतील. सत्तेचाळीसात चोवीस म्हणजे अर्ध्याहून जास्त."

मग आयस दारातून बोलली. "जाळला ना एकदा. आता कागदावर परत?"

"आई, जूनपर्यंत थांबायचं असेल तरी चालेल. तुमच्या मनाचं."

"थांबा मग. नाव राहू दे. सगळे येतील जूनला."

जूनला. माझाच शब्द. आयसच्या तोंडून ऐकला तेव्हा तो केवढा लांब आहे ते कळलं.

हाल्या म्हणाला, "जूनला नवा साहेब. मग पाऊस. पाऊस लागला की भाऊसाहेब तराफ्यावर बसणारेत का?" भाऊसाहेबांनी पाण्याकडे बघितलं.

होडी या पावसाच्या आधी येणार नाही, एवढं मलाही कळतं. कागद फिरायला वेळ लागतो. पण आता नाही फिरला तर पुढच्या पावसाच्या आधीही नाही येणार.

२७ एप्रिल

दोन दिवस आयस माझ्याशी बोलली नाही. आज सकाळी भाकरी थापता थापता म्हणाली, "तू सभेला आला नायस तरी त्याने तुझा खडा मांडला होता. त्या चोवीसच्या दिवशीपण. भाऊसाहेब हसले तरी मांडला."

मी म्हटलं, "अर्ज देऊ का?"

"मला विचारतोस?"

"मग कोणाला विचारू?"

तिने तवा उतरवला. "अक्षर चांगलं काढ," म्हणाली.

अर्ज छापील आहे. ज्याचं नाव कमी करायचं त्याचं नाव: झिपरू. अर्जदाराचं नातं: मुलगा. कारण: तिथे चौकोन आहेत, मयत, स्थलांतरित, आणखी काही. मयत समोर खूण करायची. शेजारी स्थलांतरित. त्या चौकोनाकडे मी बघत बसलो. आयुष्यभर टेकाड सोडून न गेलेला माणूस मयत, आणि मी ज्या चौकोनात बसायचो त्यात माझं नाव कोणी कधी टाकलं नाही. बाबाने टाकू दिलं नसतं.

सही केली. लाहू झिपरू. त्याचं नाव कापायच्या कागदावर माझ्या नावामागे त्याचंच नाव लिहावं लागतं.

अक्षर चांगलं आलं. चंद्रिका म्हणाली, बाबाला आवडलं असतं. मग रडली. मी आल्यापासून पहिल्यांदा.

३० एप्रिल

सभा मोहाखाली झाली. भाऊसाहेब म्हणाले आता खडे कशाला, मोजायची माणसंच आहेत. हाल्या म्हणाला, तुमचं तुम्ही मोजा, आमचं आम्ही मांडतो. आधी खडे मांडले. मतदार झाल्यापासून माझा खडा मी पहिल्यांदा माझ्या हाताने ठेवला. भट्टीवरच्यांचे, बोटींवरच्यांचे त्यांच्या घरच्यांनी ठेवले. मग आयस उठली, पदरातून आणखी एक खडा काढून ठेवला.

हात वर करा म्हणाले. मी केला. शेजारी सोमीकाकीचा हात सगळ्यांत उंच होता. भाऊसाहेबांनी तीनदा मोजले. चोवीस. यादी सत्तेचाळीस.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एवढा वेळ वर धरलेले हात हळूहळू खाली आले.

भाऊसाहेब चप्पल घालता घालता खड्यांपाशी थांबले. सवयीने त्यांनी तेही मोजले असणार. म्हणाले, "अठ्ठेचाळीस दिसतात. एक जास्त झालाय."

मी म्हटलं, "तो तुम्ही धरू नका साहेब."

त्यांनी मान हलवली. पाय जपून बाजूने गेले.

ठराव मी लिहिला. चंद्रिका सांगत होती, मी लिहीत होतो. पहिल्या रकान्यात हजर, त्यात चोवीस नावं आणि पुढे सह्या, अंगठे. दुसऱ्या रकान्यात गैरहजर, तेवीस. भट्टीवरचे, बोटीवरचे, एकेक नाव. लिहिताना मला वाटत होतं, कामाला गेलेत, पाड्यातनं नाही गेले. पण तसा रकाना नाही.

बाबाचं नाव हजरमध्ये नाही. गैरहजरमध्येही नाही. मी दोनदा बघितलं.

मग भाऊसाहेबांना पलीकडे सोडायला गेलो. एका हाताने त्यांनी ड्रम धरलेला, दुसऱ्याने कागदाची पिशवी छातीशी. दोरी मधे एका ठिकाणी विरलीय, तिथे बाबाने मारलेली गाठ आहे. ती हातात आली तेव्हा मी ओढायचा थांबलो. ते म्हणाले, "काय झालं?" म्हटलं, काही नाही, आणि ओढलं.